कोशाचं वेबिल

आरमोरी गाडीवर मी सोळा वर्षं काढली. नागपूर, उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, मग वैनगंगेचा पूल आणि आरमोरी. एवढ्या वर्षांत लगेजच्या नियमाने मला एकदाच तोंडावर पाडलं, ते एका डाल्यापायी.

आरमोरीहून सकाळची परतीची गाडी होती. एक ढिवर म्हातारा दोन सिटांची जागा खाणारं बांबूचं डालं घेऊन चढला. वर जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं. मी म्हटलं, मामा, लगेज लागेल.

"लावा ना जी. पयले उचलून त पाहा."

उचललं. पाच किलोही भरेना. लगेज वजनावर फाडायचं, आणि या एवढ्या मोठ्या डाल्याला वजनच नाही! मागचे प्रवासी हसायला लागले. म्हातारा म्हणाला, "आमी बी किलोवर नाही इकत, कंडक्टर भाऊ. मोजून इकतो." फडकं सोडून त्याने एक कोसा, टसर रेशीम ज्यातून निघतं तो, माझ्या हातात दिला. कोंबडीच्या अंड्याहून जरा लहान, मातकट पिवळा, सुपारीसारखा टणक. एका टोकाला दोन बोटं लांबीचा काळपट देठ, आणि देठाच्या शेवटी गोल कडी.

"ही कडी कोण लावते, मामा? घरी बसवता का?"

यावर तर सगळी गाडी हसली. मी नागपूरचा. कोशाची साडी पाहिली होती, सासूबाईंची करवतकाठी होती घरात. अंगाला कोसा, काठाला करवतीचे दात. पण तो धागा कुठून येतो याचा विचार चाळिशी ओलांडेपर्यंत डोक्यात आला नव्हता. कडी किडाच करतो, हे मला त्या दिवशी उमरेडच्या अलीकडे समजलं.

नंतर तो मामा नेहमीचाच झाला. तिकीट फाडून झालं की मी त्याच्याजवळ जाऊन बसायचो. उन्हाळ्यात बोडीतले मासे, पाऊस पडला की जंगलात कोसा, असं त्याचं वर्ष. येनाच्या झाडांवर किडे सोडायचे (ऐनाला आमच्याकडे येन म्हणतात) आणि महिना-सव्वा महिना त्या झाडांखाली मुक्काम करायचा. हातात गलोल, शेजारी वाजवायला टिनाचा डबा. तेवढे दिवस दाढी नाही, घरी झोपणं नाही. मी एकदा विचारलं, एवढा वनवास कशाला, घराजवळ झाड लावून पाळत का नाही? तो म्हणाला, "कोसा घरी नाही येत जी. आपल्यालेच त्याच्या घरी जा लागते."

तेव्हा मला वाटलं, म्हातारा पुडी सोडतोय. या वाक्याचा हिशेब करायला मला निवृत्त व्हावं लागलं.

आमचं घर उमरेड रोडवर, जुन्या नागपूरच्या बाहेर. कुंपणाला लागून अर्जुनाचं झाड आहे, घरापेक्षा जुनं. ऐन आणि अर्जुन एकाच कुळातले, आणि कोशाच्या किड्याला दोन्ही चालतात. गेल्या जूनमध्ये मामाच्या मुलाने मला पाच बीजकोसे दिले. मामा आता खाटेवरच असतो, पण कान शाबूत आहेत. आतून ओरडला, "बुंध्याले राख टाक! बिब्ब्याचं तेल लाव!" मी हो हो केलं. राख टाकली. बिब्बा उततो म्हणून बायकोने तेल लावू दिलं नाही.

कोसे व्हरांड्यातल्या तारेला कड्यांनी अडकवले. कडीचा उपयोग तेव्हा कळला. उन्हाळ्यात ऐनाची पानं झडतात. किड्याने पानालाच कोसा बांधला असता, तर पानासोबत तोही खाली आला असता, आणि जमिनीवर उंदीर-मुंगूस वाट पाहतच असतात. म्हणून तो आधी फांदीला कडी घालतो, कडीपासून देठ ओढतो आणि मग देठाच्या टोकाला स्वतःभोवती घर विणतो. पान झडलं तरी घर फांदीलाच. विणून झाल्यावर अंगातून एक पातळ द्रव सोडून तो ते घर आतून लिंपतो, ते वाळलं की कोसा कडक होतो. नखाने टोचून पाहा, नख दुखतं.

एवढ्या कडक घरातून पाखरू बाहेर कसं येतं? त्याला दात नाहीत. तोंडच नाही म्हणा ना, आयुष्यभर काही खातपीत नाही, सुरवंट असताना खाल्लेल्यावर आठवडाभर जगतं. पण तोंडाच्या जागेतून ते एक पाचक रस सोडतं. त्याने देठाकडचं टोक भिजतं, धागे सुटतात आणि डोक्याने ढोसत ढोसत ते बाहेर येतं. अठरा जूनला दिवेलागणीला पहिलं पाखरू आलं. ओलं, सुरकुतलेलं, पंख पिळलेल्या रुमालासारखे. बायकोने चहा केला तोवर पंख उलगडले होते. वीतभर रुंदीची पिवळी मादी. तासाभराने दोन नर आले, विटकरी रंगाचे, कपाळावर पिसासारख्या मिशा.

आणि चारही पंखांवर एकेक गोल भोक.

भोक नाही, काचेची खिडकी. तिथे पंखावर खवलेच नसतात, नुसता पारदर्शक पापुद्रा. भोवती रंगीत कडं असल्याने लांबून डोळा वाटतो. मला मात्र तो तिकिटावरचा पंच वाटला. मशीन येण्याआधी आम्ही ट्रेमधली तिकिटं पंचाने टोचायचो. तसंच स्वच्छ, गोल. पुढे मादी मेली तेव्हा तिचा पंख जुन्या तिकिटावर धरून पाहिला. खिडकीतून एक आकडा वाचता आला.

हा अवयव या सगळ्या घराण्याची खूण आहे. अँथेरिया हे त्या घराण्याचं शास्त्रीय नाव. आपल्या कोशाचं पाखरू म्हणजे अँथेरिया मायलिटा, हे नाव त्याला 1773 पासून चिकटलेलं आहे. नातवंडाच्या जुन्या टॅबवर मी याच्या बहिणी शोधत बसलो, आणि खरं सांगायचं तर माझी पावसाळ्याची अर्धी दुपार त्यातच जायची. आसामची मुगा यातलीच, चीनची ओकवरची रेशीमअळी यातलीच, जपानची यामामाई यातलीच, अमेरिकेत एक आहे ती यातलीच. प्रत्येकीच्या पंखाला खिडक्या. आणि प्रत्येकीला घरी आणायला कुणीतरी गेलेला.

पण आधी माझा हिशेब. कंडक्टरला वेबिल भरायची सवय जात नाही. कुठे किती चढले, किती उतरले, हातात किती रोकड. मी एक जुनी वही घेतली.

एका मादीची अंडी: १९४. दुसरीही होती, पण तिने पडद्यावर अंडी घातली आणि बायकोने तो पडदा धुवायला टाकला. तो हिशेब सोडून द्या.

नवव्या दिवशी पिल्लं निघाली: १७१. काळपट-पिवळी, शिवणकामाच्या टिपेएवढी. निघाल्या निघाल्या आपलंच टरफल खातात. पळसाच्या पानाचे द्रोण करून ती अर्जुनाच्या फांद्यांना काट्याने टोचून लावली, जसं मामाच्या मुलाने दाखवलं तसं.

चौथ्या दिवशी: ११८. मुंग्या. राख पावसाने वाहून गेली होती. बिब्ब्याचं तेल लावलं असतं तर? बायकोसमोर हा विषय काढत नाही.

पहिली कात टाकल्यावर ती हिरवी होतात, अर्जुनाच्या पानाचाच हिरवा. दुसऱ्या कातीनंतर मोजायला गेलो तर ७४ सापडली, आणि त्यातली किती माझ्या नजरेला दिसलीच नाहीत ते झाडाला माहीत. अंगाच्या दोन्ही बाजूंना चांदीच्या टिकल्या येतात, अगदी आरशासारख्या चकचकीत. त्यामुळे ती पानांतल्या पाण्याच्या थेंबासारखी दिसतात. तिसऱ्या कातीनंतर ४१. गांधीलमाश्यांनी उचलून नेली, एका चोचवाल्या ढेकणाने सोंड खुपसून शोषली. तो ढेकूण मी डोळ्यांनी पाहिला. किडा त्याच्या पाचपट, तरी लोंबकळून मेला.

चौथा आठवडा: १७. आता प्रत्येक किडा माझ्या मधल्या बोटाएवढा जाड, पान खाताना करकर ऐकू यायची. भारद्वाजाला हे कळलं होतं. तो पहाटे साडेपाचला यायचा. मी गलोल नाही, पण टिनाचा डबा आणला आणि पहाटे वाजवू लागलो. शेजारच्या साहेबांनी तिसऱ्या दिवशी विचारलं, "काका, काही प्रॉब्लेम आहे का?" कोशाचं राखण चाललंय हे उमरेड रोडवर कोणाला सांगायचं? म्हटलं, माकडं येतात.

भारद्वाजाने पाच नेले. चार किडे एकाच दिवसात डोकं खाली करून लटकले आणि काळे पडून गळले, भयंकर वास. तो रोग. दोघांच्या अंगावर पांढरा ठिपका दिसला, दोन दिवसांनी त्या जागी काळा डाग. ती उझी माशी. किड्याच्या पाठीवर अंडं घालते, तिची अळी आत शिरून त्याला खाते.

उरले सहा. सहाही विणायला बसले.

१७१ चढले, ६ उतरले. असं वेबिल मी डेपोत दिलं असतं तर घरी पाठवलं असतं.

मामाच्या मुलाला फोन केला. तो हसला नाही. म्हणाला, आमचंही शंभरात वीस-पंचवीस येतात तेव्हा बरं साल म्हणतो, आणि आम्ही चार माणसं दिवसभर झाडाखाली असतो. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. अंडी घरची घेतली हीच पहिली चूक. सरकारी केंद्रात रोगमुक्त अंडीपुंज मिळतात. अंडी घालून झाली की प्रत्येक मादीच्या पोटाचा भाग कुटून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पेब्रिन नावाचा रोग आईकडून अंड्यात उतरतो. आईत जंतू दिसला की तिची सगळी अंडी जाळायची. ही तपासणी पाश्चरने १८६०च्या दशकात फ्रान्समध्ये तुतीच्या किड्यांसाठी बसवली, ती आजही गडचिरोलीतल्या टेबलावर चालते. मला हे ऐकून उगीच बरं वाटलं.

तुतीचा किडा मात्र निराळा माणूस. पाच हजार वर्षं माणसाने त्याला ताटात वाढलं. आता त्याच्या पाखराला उडता येत नाही, अळीला चार हात लांबचं पान शोधता येत नाही. टोपलीत ठेवलं की टोपलीत राहतो. अँथेरियातली एकही तशी झाली नाही.

सगळ्यात जवळ आली ती मुगा, अँथेरिया असामेन्सिस. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली, सोम आणि सुआलूच्या झाडांवरची. रंग सोन्याचा, धुवावं तसा आणखी झळाळतो असं तिकडचे लोक सांगतात. तीही बाहेर झाडावरच वाढते. पण विणायची वेळ झाली की मुगाची अळी संध्याकाळी आपणहून बुंध्यावरून खाली उतरते. लोक तिला उचलून घरी वाळक्या पानांच्या जुडग्यात ठेवतात आणि ती तिथे विणते. म्हणजे अर्धं वर्‍हाड घरापर्यंत येतं. आपली मायलिटा तेही करत नाही. शेंड्याला चढून विणते, तोडायला माणसाने झाडावर जायचं.

जपानच्या यामामाईचा कोसा हिरवा, पोपटी म्हणा. नागानो प्रांतात तिचं रेशीम होतं आणि ते मोजून-मापून मिळतं. तिची अंडी देशाबाहेर नेणाऱ्याला एके काळी मृत्युदंड होता म्हणतात. तरी १८६०च्या दशकात ती युरोपात पोचलीच. तिकडचे हौशी लोक ओकच्या झाडावर तिला पाळायला लागले. रेशमाचा धंदा काही जमला नाही. पण पाखरं सुटली, आणि आज स्लोव्हेनिया, क्रोएशिया, ऑस्ट्रियाच्या ओकच्या रानांत ती बिनपासपोर्टाची राहतात. पाळायला आणलेली, पाळली न गेलेली.

चीनची पर्नी तेवढी माणसाला बऱ्यापैकी मानवली. ओकच्या टेकड्यांवर तिचं पीक काढतात, शांतुंग प्रांताच्या नावाचं कापड तिच्यामुळे जगभर गेलं, आणि ईशान्य चीनमध्ये धागा काढल्यावर आतला कोषही परतून खातात. आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी या पर्नीचा हिमालयातल्या रॉयलीशी संकर केला. पर्नी आणि रॉयली मिळून नाव पडलं प्रॉयली. मणिपूरच्या ओकवर ती पाळतात. दोघांच्या नावांची अशी गाठ मारलेली पाहून मला लग्नपत्रिका आठवली.

पण माझ्या डोक्यातून गेला नाही तो अमेरिकेतला माणूस. त्रूव्हेलो नावाचा फ्रेंच चित्रकार, बोस्टनजवळ मेडफर्डला येऊन राहिलेला. तिकडची अँथेरिया म्हणजे पॉलिफीमस. नाव एकाक्ष राक्षसाचं, पंखावरच्या त्या डोळ्यावरून. त्रूव्हेलोने ठरवलं, हिचं रेशीम काढायचं. १८६५ साली त्याच्या आवारात पाच एकर झाडीवर जाळं टाकलेलं होतं आणि त्याखाली दहा लाख सुरवंट होते, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. दहा लाख! मी १७१ वर टिनाचा डबा वाजवत होतो. त्याच्याही वेबिलात पक्ष्यांनी घोटाळा केला, जाळ्यातून शिरून किडे खायचे. मग त्याने युरोपातून दुसऱ्याच जातीची अंडी आणली, स्पाँजी मॉथची, या घराण्याशी संबंध नसलेल्या. त्यांतले सुरवंट १८६०च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या आवारातून सुटले. वीस वर्षांनी, १८८९च्या सुमारास, मेडफर्डच्या रस्त्यांवरची झाडं त्यांनी बोडकी केली, आणि अमेरिकेचं सरकार अजून त्यांच्यामागे आहे.

त्रूव्हेलो काय करतो? किडे सोडतो आणि दुर्बिणीकडे वळतो. १८७२ पासून हार्वर्डच्या वेधशाळेत ग्रहांची, सूर्यावरच्या ज्वाळांची चित्रं काढायला लागला, आणि फार सुंदर काढली. चंद्रावर त्याच्या नावाचं विवर आहे. मी ते वाचून बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या नावाचं काय आहे? पडद्यावरचा डाग."

डाग खरंच आहे. पाखरू बाहेर आलं की तांबूस पाणी टाकतं, ते धुऊन जात नाही.

असो. माझे सहा कोसे. पावसाळ्यातल्या पिकाची पाखरं त्याच वर्षी बाहेर येतात, दुसऱ्या पिकाचे कोष हिवाळा-उन्हाळा आत झोपून काढतात आणि मृगाच्या पावसाला जागे होतात. माझं पीक पहिलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार दिवसांत पाच पाखरं आली, तीन माद्या, दोन नर. दोन्ही नर खिडकी उघडी राहिल्याने त्याच रात्री गेले. बायको म्हणाली, बरं झालं. मादी कुठे जात नाही. पोट अंड्यांनी जड, खिडकीच्या जाळीला बाहेरच्या बाजूने चिकटून बसली आणि शेपूट थोडं वर करून राहिली. तिचा वास आपल्याला येत नाही.

पहाटे चारला सवयीने जाग आली. सोळा वर्षं पहिली गाडी पाच दहाची होती, शरीर विसरत नाही. जाळीवर मादीला नर जोडलेला होता. माझा नव्हता. माझे दोन्ही कोरे करकरीत, या नराच्या उजव्या पंखाची कड फाटलेली, एक खिडकी अर्धी उडालेली, अंगावरची लव घासून गेलेली. कुठून आला असेल? रिंगरोडच्या अर्जुनांवरून? कुही-उमरेडच्या रानातून? त्या पिसासारख्या मिशांवर नुसता वास धरून एवढे दिवे, एवढे ट्रक ओलांडून. मी खुर्ची घेऊन बसलो. ते दोघं दुपारपर्यंत हलले नाहीत. कपडे वाळत घालायला बायको मागच्या दाराने गेली, पुढची खिडकी तिने उघडली नाही.

त्या मादीची अंडी मी मोजली नाहीत. द्रोण केले, झाडाला टोचले, बुंध्याला बिब्ब्याचं तेल लावलं. हातमोजे घालून, तरी मनगटावर फोड आलाच. डबा वाजवला नाही. ऑक्टोबरमध्ये शेंड्याजवळ मला चार कोसे दिसले, पाचवा कोसा की वाळलं पान ते खालून सांगता येत नव्हतं. शिडी आहे घरात. काढली नाही.

मामाला हे सांगायला दिवाळीत गेलो होतो, एसटीनेच, माझ्याच जुन्या गाडीने. त्याने सगळं ऐकलं. परका नर आला तिथे तो हसला, "आला ना? आमी तं मादी बांधूनच ठेवतो रातीले. जंगलातला येते." मग विचारलं, "आनि सहावा?"

सहावा उघडलाच नाही. मामाने सांगितलं तसं कानाशी धरून हलवला. मेलेला असेल तर आत खुळखुळा वाजतो, जिवंत असेल तर ठोका लागतो, जड. ठोका लागला. पाच भावंडं सप्टेंबरात गेली आणि हा मात्र आत झोपून राहिला, पुढच्या मृगापर्यंत.

दाराजवळ एक खिळा आहे, त्याला माझा जुना पंच टांगलेला असायचा. पंच आता टेबलाच्या खणात आहे. खिळ्याला कोसा आहे, त्याच्याच कडीने.